विश्लेषण : दहावीतून आवर्तसारणी वगळणे धोक्याचे का?

एक बाटली संडास साफ करण्याच्या ॲसिडची, दुसरी ब्लीचची. दोन्ही कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळतात. डाग निघत नाही म्हणून एकीवर दुसरी ओतली की काही क्षणांत क्लोरीन वायू सुटतो. घाटकोपरच्या असल्फा किंवा भटवाडीच्या दाटीवाटीच्या वस्तीत मोरी म्हणजे अनेकदा जेमतेम एका माणसाला वावरता येईल एवढी, खिडकी नसलेली जागा. हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असलेला हा वायू तिथे जमिनीलगत साचतो आणि खाली वाकून फरशी घासणाऱ्या बाईच्या छातीत जातो. डोळ्यांची आग, खोकला, धाप आणि प्रमाण जास्त असेल तर फुप्फुसांना इजा.

हे टाळण्यासाठी लागणारे ज्ञान दहावीच्या पुस्तकात असते. निदान राज्य मंडळाच्या पुस्तकात तरी आजवर आहे.

वाद नेमका कशावरून?

अभ्यासाचा भार कमी करण्याच्या नावाखाली ‘एनसीईआरटी’ने दहावीच्या विज्ञानातून मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचे अख्खे प्रकरण काढले. २०२३ मध्ये नवी पुस्तके बाजारात आली तेव्हा देशभरातील शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी त्यावर टीका केली. हा विषय अकरावीत आहेच, असा खुलासा झाला. अभिक्रियेच्या वेगाचा सविस्तर अभ्यास तर त्या अभ्यासक्रमात बारावीलाच येतो. म्हणजे दहावीनंतर वाणिज्य, कला किंवा आयटीआयकडे वळणाऱ्या मुलाला या दोन्ही गोष्टी जन्मात भेटणार नाहीत. हा खुलासा त्यामुळे पटण्यासारखा नाही. ज्याला पुढे रसायनशास्त्रच शिकायचे आहे त्याला हे ज्ञान कुठेतरी मिळणारच. खरी गरज दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्याची आहे.

‘बालभारती’च्या २०१८ च्या पुस्तकात मात्र दोन्ही विषय पाठोपाठ आहेत. दुसरे प्रकरण आवर्ती वर्गीकरणाचे, तिसरे रासायनिक अभिक्रियांचे आणि त्यात अभिक्रियेचा दर कशावर ठरतो याची चर्चा. महाराष्ट्रात सीबीएसईच्या धर्तीवरील अभ्यासक्रम पहिलीपासून टप्प्याटप्प्याने आणण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली आहे. ते वारे दहावीपर्यंत पोहोचेल तेव्हा ही प्रकरणे टिकणार का, हे आताच विचारायला हवे.

गण म्हणजे काय आणि त्याचा वेगाशी संबंध कोणता?

आवर्तसारणीतील उभ्या स्तंभाला गण म्हणतात. एका गणातील मूलद्रव्यांच्या अणूंच्या सर्वात बाहेरच्या कवचात इलेक्ट्रॉनांची संख्या सहसा सारखी असते. म्हणून त्यांचे गुणधर्म भावंडांसारखे जुळतात. पहिल्या गणात लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम. हा मजकूर ज्या फोनवर वाचला जातो आहे त्याच्या बॅटरीतही लिथिअम आहे. या सर्वांकडे बाहेर एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तो देऊन टाकायला ती उत्सुक असतात.

पण भावंडे असली तरी स्वभावाची धार सारखी नसते. पाण्यात लिथिअमचा तुकडा टाकला तर तो शांतपणे बुडबुडे सोडतो. सोडिअम वितळून गोळी होते आणि पाण्यावर सैरावैरा धावते. पोटॅशिअम जांभळट ज्वालेने पेटतेच. गणात खाली जावे तसा अणू मोठा होतो, बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर जातो आणि सहज सुटतो. सतराव्या गणात नेमके उलटे घडते. फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन या हॅलोजनांना एक इलेक्ट्रॉन हवा असतो आणि लहान अणू तो जोराने खेचतो. त्यामुळे वरचे फ्लोरीन सर्वात आक्रमक आणि खालचे आयोडीन त्यामानाने मवाळ. गणातली जागा कळली की कोण किती चटकन झडप घालील याचा बराच अंदाज येतो. शाळेत मात्र हे दोन स्वतंत्र धडे म्हणून शिकवले जातात. एकात डोबेरायनरची त्रिके पाठ करायची, दुसऱ्यात वेगावर परिणाम करणाऱ्या घटकांची नावे. गुण मिळतात, पण एका धड्याचा दुसऱ्याशी काय संबंध हे कळत नाही.

मग वेग आणखी कशाने बदलतो?

तापमानाने, हे वल्लभबाग लेनच्या खाऊगल्लीतील कोणताही डोसेवाला सांगेल. मे महिन्यात पीठ काही तासांत फसफसते, जानेवारीत रात्रभर वाट पाहावी लागते. तापमान दहा अंशांनी वाढले की अनेक अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ ठोकताळा आहे. फ्रिज दूध टिकवतो तो याच हिशेबाने.

उत्प्रेरकाचे उदाहरण शेजारच्या चेंबूरमध्ये आहे. ‘आरसीएफ’च्या खत कारखान्यात नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया बनतो. नायट्रोजनच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध इतका पक्का असतो की नुसते तापवून काम भागत नाही. लोहाचा उत्प्रेरक त्यासाठी सोपी वाट काढून देतो आणि स्वतः खर्ची पडत नाही.

संहती आणि वेळ यांचा प्रश्न पाण्याच्या पिंपात येतो. भांडुप संकुलात शुद्ध झालेल्या पाण्यात क्लोरीन असतोच. पण डोंगरावरच्या वस्तीत ते पिंपात साठते, उघडे राहते, पावसाळ्यात गढूळ होते. तेव्हा क्लोरीनचे थेंब किंवा गोळी टाकतात आणि अनेकदा लगेच पेला भरतात. जंतू मरण्याची क्रियाही रासायनिकच आहे, तिला साधारण अर्धा तास द्यावा लागतो. गढूळ पाण्यात तर क्लोरीनचा बराच भाग मातीतल्या सेंद्रिय कचऱ्यावरच खर्च होतो, म्हणून पाणी आधी गाळायचे. मोरीत घात करणारा आणि पिंपात जीव वाचवणारा क्लोरीन एकच. फरक प्रमाणाचा आणि तो कशाच्या संगतीत आहे याचा. १४ जुलै २०१० रोजी शिवडीच्या हाजी बंदरात जुन्या सिलिंडरमधून तो गळला तेव्हा शंभरहून अधिक जणांना त्रास झाला होता.

पुस्तकात धडा राहिला की काम झाले?

नाही. राज्य मंडळाच्या पुस्तकातील एक प्रयोग शहाबादी फरशीचा आहे. फरशीचे तुकडे एका परीक्षानळीत, तिचाच चुरा दुसरीत आणि दोन्हींत सारखेच सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल. चुऱ्याला आम्लाशी भिडायला जास्त पृष्ठभाग मिळतो, म्हणून तिथे बुडबुडे धडाधड येतात. फरशी म्हणजे कॅल्शिअम कार्बोनेट आणि कॅल्शिअम दुसऱ्या गणातले. जुन्या चाळींत हीच फरशी पायाखाली असते आणि ॲसिडने धुतली की तीच खरखरीत होते. यापेक्षा घरचे उदाहरण कुठून आणायचे?

तरीही अनेक वर्गांत हा प्रयोग फळ्यावरच होतो. साठ मुले, एक तास आणि जवळ आलेली परीक्षा, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. पण शिक्षकाने पुढच्या टेबलावर एकदा करून दाखवायला दोन परीक्षानळ्या, फरशीचा एक तुटका तुकडा, थोडे सौम्य आम्ल आणि दहा मिनिटे लागतात. त्याच तासाला प्रत्येक मुलाने घरच्या मोरीतील बाटल्यांवरची घटकांची यादी वहीत उतरवून आणावी आणि कोणती बाटली कोणत्या बाटलीजवळ ठेवायची नाही, हे वर्गात ठरवावे.