ऐकणारी कोण, हे बाईनं ठरवावं

जात्यावरची ओवी पहाटे म्हटली जायची, घर निजलेलं असताना. खुंट्याला हात लावून समोर बसलेली दुसरी बाई, एवढीच काय ती ऐकणारी. सासरचा जाच, नवऱ्याचं वागणं, माहेरची ओढ सगळं तिथं बोलता यायचं. शिवाय ओवी सगळ्यांचीच, त्यामुळे ‘हे तूच बोललीस’ असं कुणी पकडू शकत नसे. पिठाच्या गिरण्या आल्या, दळणाचे कष्ट सरले, ते बरंच झालं. पण बोलण्याची ती आडोशाची जागाही गेली.

या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्यातून १९८० च्या दशकात गोळा करायला घेतल्या. हजाराहून अधिक गावांतल्या लाखभर ओव्या जमल्या. पुढं बर्नार बेल यांच्या साथीनं त्यांचं ध्वनिमुद्रण झालं. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या १९९६ सालच्या. २०१७ पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर हा ठेवा कुणालाही ऐकता येतो. तिथं ओवीशेजारी गाणारीचं नाव आहे, गाव आहे. ज्या बायांना आपण ‘लोकसाहित्य’ या एका शब्दात बिननावाचं करून टाकलं होतं, त्यांना त्यांचं नाव परत मिळालं. नव्या तंत्राची ही मोठी देणगी मी मानते.

पण मी अंधेरी ते बोरिवलीच्या वस्त्यांमध्ये काम करते, तिथं याच तंत्राचं दुसरं रूप दिसतं. देणगीदारांना आता दोन मिनिटांची चित्रफीत हवी असते. मार खाल्लेल्या बाईनं मोबाइलसमोर आपबीती सांगायची, शेवटी हसायचं, म्हणजे अहवाल पूर्ण. नळावर, चाळीच्या गॅलरीत ती कुणाशी बोलायचं ते पारखून घेते. चित्रफितीत ही पारख संपते. ती व्हॉट्सॲपवरून सासरी जाते, गावाकडच्या भावकीत जाते. ओवी उद्या बदलून म्हणता येते, चित्रफीत मागे घेता येत नाही. आणि ज्या संस्थेकडून मदत घ्यायची, तिला ‘नाही’ म्हणणं कुठल्या बाईला सोपं आहे?

कुणी म्हणेल, घरातलं दुःख चव्हाट्यावर आणा हे तर आपणच शिकवलं. खरं आहे. पण स्त्री मुक्ती संघटनेचं ‘मुलगी झाली हो’ आठवा. १९८३ पासून ते नाटक वस्तीवस्तीत गेलं. त्यात असंख्य बायांची कहाणी होती, पण कुणा एकीला चव्हाट्यावर उभं केलेलं नव्हतं. बोलणं सामूहिक होतं, म्हणून निर्भय होतं.

तेव्हा संस्थांमधल्या मैत्रिणींना माझं सांगणं एवढंच: चित्रफीत कोण कोण पाहील, हे आधी तिच्या भाषेत सांगा. चेहरा नको असेल तर नुसता आवाज घ्या, नाव नको असेल तर बदला. पाठवण्याआधी तिला दाखवा. ती म्हणेल तेव्हा काढून टाका, आणि आधीच ज्यांच्याकडे पोचली असेल त्यांच्याबद्दलही तिला खरं सांगा. तिनं नकार दिला तरी मदतीत तसूभर फरक पडता कामा नये. अनुदान थोडं कमी मिळेल, मिळू दे. तिची गोष्ट ही आपल्या अहवालाची सोय नव्हे, तिची मालमत्ता आहे.