पोलादपुरात बर्फ!

इन्फ्रारेडचा माझा पहिला रोल चक्क कोरा निघाला! सावित्रीकाठची अख्खी दुपार पाण्यात. चूक माझीच. लाइट मीटरला इन्फ्रारेड दिसत नाही, तरी मी त्याचंच ऐकलं.

पुढच्या वेळी शहाणी झाले. फिल्म इलफोर्ड एसएफएक्स २००. तिची नजर साधारण ७४० नॅनोमीटरपर्यंतच, म्हणून फिल्टर ७२० चा. त्याहून गडद लावलात, तर रोल पुन्हा कोरा. या फिल्टरमधून डोळ्यांना जवळपास काहीच दिसत नाही. म्हणून आधी ट्रायपॉडवर फ्रेम लावायची, मग फिल्टर. लख्ख ऊन, एफ ११. फिल्टरविना १/५०० पुरलं असतं. मी १/१५, १/८ आणि १/४ असे तीन शॉट घेतले.

पानं इन्फ्रारेड परतवतात, पाणी गिळतं. झाडं पांढरीशुभ्र, सावित्री काळीभोर! महाडची मावशी प्रिंट बघून म्हणाली, ‘‘पोलादपुरात बर्फ कधी पडला गं?’’

रोल वसूल!