श्वास मोजणारी बाई शास्त्रज्ञ नाही?

इंदिरानगरातल्या आमच्या गल्लीत एका संस्थेची पोरं फॉर्म घेऊन आली. संडास किती, पोरं किती, मेली किती? आई सांगत गेली. दोन वर्षं झाली, त्या कागदांचं काय झालं सांगायला कुणी फिरकलं नाही.

म्हणून संस्थांचं संशोधन थोतांड? तसं म्हणणारा मूर्ख. गडचिरोलीत 'सर्च'नं 39 गावांतल्याच बायांना तयार केलं. त्यांनी नवजात बाळांचं वजन केलं, श्वास मोजले, जंतुदोष झालेल्याला घरातच इंजेक्शन टोचलं. तुलनेच्या गावांच्या मानानं नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी उतरला. 1999 साली 'लॅन्सेट'नं छापलं. एसीच्या खोलीत नाही, कुडाच्या घरात घडलेलं विज्ञान!

पण दोस्तहो, लेखक म्हणून नावं कुणाची? श्वास मोजणारीचं नाही. 2011 पासून सरकारनं हेच काम देशभरच्या आशांच्या गळ्यात घातलं, आणि आजही त्यांना म्हणतंय स्वयंसेविका. पगार नाही, मानधन. मोजणी बाईची, विज्ञान साहेबाचं. ही वर्णव्यवस्था नाही तर काय?

आता फॉर्मवाला आला की दारातच विचारणार: प्रश्न कुणी ठरवले? आकडे गल्लीत कधी वाचून दाखवणार? उत्तर नसेल तर चहा प्या आणि चालू लागा.