ट्रेझर हंट आणि आमची आत्या

माझा ट्रेझर हंटला विरोध नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण 'काकांना तरुण पोरांचं काही बघवत नाही' असा माझ्याविरुद्धचा प्रचार गेले काही महिने आमच्या घराण्यात पद्धतशीरपणे चालू आहे. त्या प्रचाराला आमच्या सौभाग्यवतींचा बाहेरून पाठिंबा आहे.

माझा विरोध आहे तो दिसेल त्या जमावाला एकच ट्रेझर हंट लावण्याला. बारशाला जेवायला काय करायचं आणि श्राद्धाला काय करायचं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पण खजिन्याचा शोध म्हटला की सगळ्यांची अक्कल एकदम रजेवर जाते. सोसायटीचा वर्धापनदिन असो, कचेरीची सहल असो, नाहीतर कुणाचं सहस्रचंद्रदर्शन असो. आठ चिठ्ठ्या लिहायच्या, माणसांच्या चार टोळ्या करायच्या आणि शिट्टी फुंकायची. मग कोण पळतंय, कोण धापा टाकतंय आणि कोण कोपऱ्यात बसून रडतंय, याच्याशी आयोजकाचा संबंध नाही. त्याचं लक्ष घड्याळाकडे!

वास्तविक गुप्तधन हा आपला जुना विषय. पूर्वी प्रत्येक वाड्याच्या मालकाला आपल्या वाड्यात हंडा पुरलेला आहे याची पक्की खात्री असायची. पायाळू माणसाला जमिनीखालचं दिसतं म्हणून त्याला बोलावून जेवूखाऊ घालत. आमच्या आजोबांनी अशाच एका पायाळू गृहस्थाच्या सांगण्यावरून न्हाणीघर खणलं होतं. तिथे शेजारच्यांच्या मोरीचा पाट निघाला आणि त्यावरून दोन घरांत अबोला झाला, तो माझ्या मुंजीपर्यंत टिकला. इंग्रज सरकारलाही आपली ही हौस ठाऊक असावी. त्यांनी १८७८ साली निखात निधीचा कायदाच केला. जमिनीत दडवलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन सापडलं, तर ते जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं! आमच्या सोसायटीचे चिटणीस कायद्याला फार जपतात. त्यांनी बागेत पुरलेला खजिना दहा रुपयांच्या वर कधी गेलेला मला आठवत नाही.

पण माझं त्यांच्याशी भांडण आहे ते खजिन्याच्या किमतीवरून नाही. गेल्या वर्धापनदिनाला त्यांनी चार वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतची सगळी पोरं एका ओळीत उभी केली आणि हातात चिठ्ठ्या दिल्या. चिठ्ठ्या पद्यात. यमक जुळवण्यासाठी चिटणिसांनी पाण्याच्या टाकीला 'जलमंदिर' म्हटलेलं. चार वर्षांच्या पोराला वाचता येत नाही, ही गोष्ट तीन वेळा सभा घेऊन कुणाच्या लक्षात आली नव्हती. शिट्टी झाली. सातव्या मिनिटाला तळमजल्यावरचा आठवीतला मुलगा डबा घेऊन हजर! बाकीच्या बावीस पोरांनी एका सुरात जे भोकाड पसरलं, ते ऐकून पलीकडच्या सोसायटीतून चौकशीला माणूस आला.

लहान मुलांसाठी एक डबा पुरायचाच नसतो हो. तेवीस पोरं असतील तर तेवीस पुड्या लपवायच्या. चिठ्ठीवर अक्षरांऐवजी चित्र काढायचं. झाडाचं, जिन्याचं, वॉचमनच्या खुर्चीचं. पुडी सापडली की त्याने बसायचं आणि खायचं, दुसरी शोधायची नाही. यात स्पर्धा नाही म्हणून चिटणीस नाराज. "अहो, मग जिंकणार कोण?" त्यांना म्हटलं, "कुणी नाही." तेव्हापासून ते माझ्याकडे जरा काळजीने बघतात.

मोठ्या मुलांचं वेगळं. त्यांना कोडं हवंच, अवघड हवं आणि हरण्याची भीतीही हवी. फक्त ते कोडं सुटणारं असावं. किट विल्यम्स नावाच्या एका इंग्रज चित्रकाराने १९७९ साली 'मास्करेड' नावाचं चित्रांचं पुस्तक काढलं. पुस्तकातल्या चित्रांत सुगावे दडवले आणि सोन्याचा ससा जमिनीत पुरून ठेवला. झालं! लोकांनी देशभर दिसेल ती जागा उकरायला सुरुवात केली, त्यात भलत्यांच्या बागाही आल्या. १९८२ साली ससा सापडला. ज्या दोन शिक्षकांनी कोडं खरोखर सोडवलं होतं, त्यांच्या हाती मात्र काही लागलं नाही. पुढे १९८८ साली वर्तमानपत्राने बिंग फोडलं. ज्याला ससा मिळाला त्याला कोडं सुटलंच नव्हतं, चित्रकाराच्या जुन्या मैत्रिणीकडून जागेचा अंदाज आला होता. हे वाचून मला फार बरं वाटलं. आमच्या सोसायटीत एकदा मोठ्यांच्या गटात चिटणिसांच्या मेहुणीला पहिलं बक्षीस मिळालं होतं. तेव्हा मी जे बोललो ते काही अगदीच निराधार नव्हतं.

कचेरीतला खजिना हा तर निव्वळ आगीशी खेळ. मी ज्या कचेरीत पस्तीस वर्षं खुर्ची झिजवली, तिथे १९९१ च्या सहलीत असाच चिठ्ठीवरून चिठ्ठीचा प्रकार झाला. साहेबांच्या टोळीत सगळे हेडक्लार्क, म्हणजे साहेब वडाकडे निघाले की सगळे वडाकडे. चिठ्ठी पिंपळाखाली आहे हे तिघांना ठाऊक होतं, पण सांगतो कोण? खजिना सापडला शिपायाला. त्याने तो हात उंच करून सगळ्यांना दाखवला, ही त्याची चूक. सोमवारी त्याची रजा नामंजूर झाली. अशा ठिकाणी पळापळीचा खेळ कधीही लावू नये. तिथे यादीचा खेळ लावावा. दहा-पंधरा वस्तूंची यादी द्यायची (जुनं पोस्टकार्ड, पाच पाकळ्यांचं फूल, उलटा शर्ट घातलेल्या माणसाचा फोटो) आणि ज्या टोळीच्या वस्तू जास्त ती जिंकली. यात प्रत्येकाला काहीतरी सापडतं. साहेबांना परीक्षक करावं. ते एका जागी बसतात, सरबत पितात आणि सगळ्यांना सारखं तुच्छ लेखतात. कुणाची रजा अडत नाही.

हा यादीचा खेळ बड्या लोकांच्या पार्ट्यांत रुजवला तो एल्सा मॅक्सवेल नावाच्या अमेरिकन बाईंनी, विसाव्या शतकाच्या विशी-तिशीत. त्याचीही एक मर्यादा आहे. १९३६ सालच्या 'माय मॅन गॉडफ्रे' या चित्रपटाच्या सुरुवातीलाच श्रीमंत मंडळी असाच खेळ खेळताना दिसतात आणि यादीतली एक वस्तू म्हणून उकिरड्यावर राहणाऱ्या एका बेकार माणसाला उचलून आणतात. चित्रपट विनोदी आहे. मला तेव्हा हसू आलं होतं. पुढे एका कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या यादीत 'टक्कल पडलेला इसम, एक' अशी नोंद निघाली. त्या रात्री तीन निरनिराळ्या टोळ्यांनी मला मसाला दुधाच्या पेल्यासकट ओढून नेलं. तेव्हापासून त्या चित्रपटाला मला हसू येत नाही.

आता मूळ भांडणाकडे येतो.

गेल्या माघात आत्याचं सहस्रचंद्रदर्शन झालं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. सदाशिव पेठेतल्या वाड्यात मला हिनेच वाढवलं म्हणा ना. मुंबई, नागपूर, बंगलोर, शिवाय न्यू जर्सी असा साठ माणसांचा गोतावळा कार्यालयात जमला. होमहवन झालं, ओवाळून झालं, जेवणं झाली. आत्याला फुलांनी सजवलेल्या खुर्चीत बसवलं. आणि आत्याच्या नातवाने माईक हातात घेऊन "आता एक सरप्राइज!" अशी घोषणा केली. हा नातू लोकांचे समारंभ साजरे करून देण्याच्या धंद्यात आहे. हुशार मुलगा. त्याने भिंतीभिंतींवर ते चौकटीचौकटींचे काळे ठिपके चिकटवले होते. मोबाईल त्यांच्यासमोर धरला की प्रश्न उमटायचा, उत्तर दिलं की पुढचा ठिपका कुठे ते कळायचं. विषय अर्थात 'आजीचं आयुष्य'. शिट्टी झाली आणि पाच मिनिटांत दालन रिकामं! कुणी गच्चीवर, कुणी पार्किंगमध्ये, कुणी मुदपाकखान्यात. खाली राहिलो आत्या, मी आणि खुर्च्या मोजणारा कार्यालयाचा माणूस.

"बाळ्या, सगळे कुठे गेले रे?" आत्याने विचारलं.

"तुझं आयुष्य शोधायला."

"वर आहे का ते?" असं म्हणून तिने मान वर करून पंख्याकडे बघितलं.

चौथ्या ठिपक्यापाशी सगळं अडलं. प्रश्न होता, 'आजीचं माहेर ज्या घाटाजवळ, तिथल्या गणपतीचं नाव काय?' माहेर कुठलं हेच कुणाला ठाऊक नाही. एका टोळीने दगडूशेठ लिहिलं. दुसरीने सिद्धिविनायक. न्यू जर्सीच्या मंडळींनी मोबाईललाच विचारलं आणि त्याने त्यांना अष्टविनायकांच्या सहलीचं भाडं सांगितलं. इकडे आत्या माझ्या शेजारी बसून ढोल्या गणपतीचीच गोष्ट सांगत होती. वाईला कृष्णा चढली की घाटाच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी आलं हे बघायला तिला कसं पाठवत, आणि एकदा तिची परकराची गाठ सुटून... ते असो. मी उठलो, नातवाला गाठलं आणि म्हटलं, "अरे, उत्तर त्या खुर्चीत बसलंय. पोरांना तिला विचारू दे की!"

तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, हेल्प घेणं अलाउड नाहीये. चीटिंग होतं."

वाचकहो, माझी तक्रार एवढीच आहे. ज्या म्हातारीचा खजिना शोधायचा, तिला विचारणं हेच नियमाबाहेर! आपल्या जुन्या लोकांनी ही चूक केली नव्हती. लग्न लागल्यावर पाण्यात अंगठी टाकतात आणि नवरानवरीला शोधायला लावतात. तोही ट्रेझर हंटच. पण बघा, कुणीही खोली सोडून जात नाही. सगळ्यात म्हातारी बाई सगळ्यात जवळ बसते, आणि नवरीच्या बाजूने खुणा करणं हा तर तिचा मानाचा हक्क असतो.

नातवाला मी हे ऐकवलं तेव्हा "काका, मग तुम्हीच करून दाखवा" असं आव्हान मिळालं. केलं. न्यू जर्सीवाल्यांना परत जायला पाच दिवस होते. पहिल्या दिवशी थोराड पोरांना पेठांत पायी सोडलं, कारण त्यांना पळायचंच होतं. पुण्यात वेगळी कोडी रचावी लागत नाहीत, देवांची नावंच पुरतात. जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, सोट्या म्हसोबा, गुपचूप गणपती. खुन्या मुरलीधर म्हटल्यावर एका भाचीने आत जायलाच नकार दिला. पण यातला एकही सुगावा नकाशावर बोट ठेवून भागणारा नव्हता. 'उपाशी विठोबा उपाशी का?' याचं उत्तर आत्याकडून वदवून आणायचं आणि मगच पुढची चिठ्ठी. दुसऱ्या दिवशीपासून खेळ आत्याच्या घरातच. चिठ्ठ्या सातच. टोळीत पाचांहून जास्त कुणी नाही, नाहीतर दोघं शोधतात आणि बाकीचे वडा खाऊन येतात. प्रत्येक चिठ्ठीचं उत्तर आत्याच्या डोक्यात, आणि तिला कितीही वेळा विचारायला मुभा.

माझा अंदाज होता की दोन तासांत आटपेल. मी आत्याला ओळखलं नव्हतं. तिने पहिल्या चिठ्ठीचं उत्तर द्यायला पोरांकडून मटार सोलून घेतले. दुसऱ्या उत्तरासाठी माळा झाडून घेतला. तिसऱ्याला चक्क खोटं उत्तर दिलं, पोरं कपाट उपसून परत आली तेव्हा "मी ना, मावशीच्या घरातलं सांगत होते" म्हणाली. भाची रात्री तिच्याच अंथरुणात झोपायला लागली, चौथ्या चिठ्ठीचं उत्तर झोपेत तरी सांगेल म्हणून. नातू 'टाइमलिमिट हवी होती' असं दोन दिवस बडबडत होता. तिसऱ्या दिवशी तोही मटार सोलताना दिसला.

सहा चिठ्ठ्या सुटल्या. सातवी, म्हणजे शेवटची चिठ्ठी मी लपवली होती तिथे नाही. आत्याने ती तिथून काढून दुसरीकडे ठेवली आहे, एवढं तिने कबूल केलं. कुठे ठेवली ते आठवत नाही म्हणते. माझ्या लग्नात किती वाट्या तूप कमी पडलं होतं ते तिला अजून आठवतं. न्यू जर्सीची मंडळी विमानात बसून गेली. भाची दर रविवारी फोन करते आणि तासभर जागा विचारते. नातूही आता आठवड्यातून एकदा सदाशिव पेठेत येतो आणि फडताळं उघडून बघतो. परवा आत्या त्याला सांगत होती, की चिठ्ठी बहुतेक लोणच्याच्या बरणीमागे असेल, पण आधी त्या बरण्या खाली काढून पुसाव्या लागतील.