रुंद कोनाचे भिंग : आधी मोजा, मग घ्या

शाळेत किंवा महाविद्यालयात कॅमेरा आला की थोड्याच दिवसांत एक मागणी पुढे येते, “सर, यात सगळे मावत नाही. रुंद कोनाचे भिंग घ्यायला हवे.” मागणी अगदीच चुकीची नसते. परंतु तिच्यामागे गणित नसेल तर संस्थेचे हजारो रुपये खर्च होतात आणि चित्रे मात्र पूर्वीसारखीच येतात. भिंग निवडणे हा हौसेचा नव्हे, मोजमापाचा प्रश्न आहे, असे माझे मत आहे.

आमच्या शहापूर-मुरबाड भागात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. खर्डी आणि कसारा यांच्या दरम्यानच्या उंबरमाळी परिसरात कारवीच्या कुडाची, शेणमातीने सारवलेली घरे हळूहळू जाऊन विटा-सिमेंटची घरे येत आहेत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्याच्या कामात शहापूर तालुक्यातील डोंगरउतारांचे रूपही पालटले. घरांची आणि भूप्रदेशाची नोंद आज विद्यार्थ्यांनी केली नाही, तर ती पुन्हा करता येणार नाही. ही नोंद पैशावाचून अडू नये आणि ती खरीही असावी.

आता गणित पाहू. भिंगाचे नाभीय अंतर जितके कमी, तितका दृश्यकोन मोठा. समरूप त्रिकोणांवरून एक सोपे सूत्र मिळते : नाभीय अंतर = संवेदकाची रुंदी × वस्तूचे अंतर ÷ वस्तूची रुंदी. बहुतेक स्वस्त डीएसएलआर कॅमेऱ्यांच्या संवेदकाची रुंदी २२ ते २४ मिलिमीटर असते. सोयीसाठी २४ धरू. समजा, खोलीची समोरची भिंत १२ फूट रुंद आहे आणि दारात उभे राहिल्यास ती ९ फुटांवर आहे. म्हणजे २४ × ९ ÷ १२ = १८ मिलिमीटर. कॅमेऱ्याबरोबर सहसा मिळणाऱ्या १८-५५ मिलिमीटरच्या भिंगात हे अंतर आहेच! बाजूच्या भिंतीही निम्म्या अंतरापासून, म्हणजे साडेचार फुटांपासून, दिसायला हव्या असतील, तर मात्र उत्तर ९ मिलिमीटर येते. तेव्हा खरेदीची पहिली पायरी दुकान नसून मोजपट्टी आहे.

भूदृश्यासाठी रुंद भिंगच लागते, हा दुसरा समज. दूरच्या वस्तूच्या प्रतिमेची उंची म्हणजे नाभीय अंतर × वस्तूची उंची ÷ तिचे अंतर. माहुलीचा डोंगर आपण उभे आहोत त्या जागेपेक्षा ७०० मीटर उंच आणि ७ किलोमीटर दूर आहे असे समजा. १० मिलिमीटरच्या भिंगाने त्याची प्रतिमा अवघी १ मिलिमीटर उंच पडेल, ५० मिलिमीटरच्या भिंगाने ५. ज्याने आपल्याला थांबवले तो डोंगर चित्रात मुंगीएवढा होतो, तो यामुळे. पायाजवळचे भातखाचर आणि मागचा डोंगर दोन्ही दाखवायचे असतील तेव्हा रुंद भिंग उपयोगी पडते. नुसती दूरची डोंगररांग हवी असेल, तर कॅमेरा उभा धरून, प्रत्येक चित्र आधीच्यावर एक तृतीयांश येईल अशा बेताने वळवत चार-पाच चित्रे घ्यावीत आणि ‘ह्युगिन’सारख्या मोफत संगणक-प्रणालीने जोडावीत. खोलीत हा उपाय जपून करावा, कारण कॅमेरा वळवताना जवळच्या वस्तू मागच्या भिंतीच्या तुलनेत सरकतात आणि सांधे जुळत नाहीत.

रुंद भिंगे महाग का असतात, यातही भौतिकशास्त्र आहे. डीएसएलआर कॅमेऱ्यात संवेदकापुढे आरसा हलतो, त्यासाठी जागा लागते. निकॉनच्या अशा कॅमेऱ्यांत भिंग बसवण्याची कडा संवेदकापासून ४६.५ मिलिमीटरवर असते. मग १० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग बसवायचे कोठे? यासाठी पुढे अपसारी भिंगांचा गट आणि मागे अभिसारी गट अशी रचना करतात. फ्रान्समधील आंजेन्यू कंपनीने १९५० मध्ये अशी भिंगे बाजारात आणली. काचा वाढल्या, दोष दुरुस्त करणे अवघड झाले, किंमत वाढली. त्यातच एफ/२.८ सारखे मोठे छिद्र हवे असेल, तर वजन आणि किंमत दोन्ही आणखी चढतात.

पण ते मोठे छिद्र आपल्याला हवे आहे का? एफ/२.८ ला एफ/५.६ च्या चौपट प्रकाश मिळतो, हे खरे. परंतु कुडाच्या अंधाऱ्या घरात सेकंदाच्या पंधराव्या भागाऐवजी सुमारे पाव सेकंद लागला, तर बिघडते काय? कॅमेरा तिपाईवर ठेवावा. भिंत पळून जात नाही. शिवाय १० मिलिमीटरचे भिंग एफ/८ ला सुमारे ६३ सेंटिमीटरवर जुळवले, तर साधारण ३२ सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते. म्हणून महाग भिंगाआधी चांगली तिपाई घ्यावी.

मोजल्यावरही रुंद भिंग लागतेच असे ठरले, तर लहान छिद्राची, हलकी भिंगे पाहावीत. कॅननचे १०-१८ मिलिमीटरचे भिंग २०१४ मध्ये आले, वजन २४० ग्रॅम. निकॉनचे १०-२० मिलिमीटरचे २०१७ मध्ये, वजन २३० ग्रॅम. दोन्हींचे छिद्र एफ/४.५ ते ५.६. ती लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यांसाठी आहेत, आणि निकॉनचे हे भिंग त्या कंपनीच्या काही जुन्या कॅमेऱ्यांवर चालत नाही. आधी खात्री करावी. वापरलेले भिंग घेण्यात कमीपणा नाही. विटांच्या भिंतीचे समोरून चित्र घेऊन चारही कोपरे सारखे स्पष्ट आहेत का पाहावे आणि बॅटरीच्या प्रकाशात आत बुरशीचे धागे शोधावेत. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी हाच भिंगाचा मोठा शत्रू आहे. घेतल्यावर ते सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावे.

शेवटचा मुद्दा खरेपणाचा. रुंद भिंगाच्या चित्रात कडेच्या वस्तू बाहेरच्या बाजूला ताणल्या जातात. वरच्याच संवेदकावर १८ मिलिमीटरच्या भिंगाने अगदी कडेचा चेहरा सुमारे १.२ पट रुंद होतो, १० मिलिमीटरच्या भिंगाने दीडपटीहून अधिक. लहान खोलीही प्रशस्त वाटू लागते. जाहिरातीला हे चालेल, नोंदीला नाही. मुरबाडकडून वैशाखरे मार्गे नाणेघाटात चढून गेल्यावर लेण्याच्या भिंतींवर सातवाहनकालीन ब्राह्मी लेख दिसतो. लेण्याचा आकार दाखवायला रुंद भिंगाचे एक चित्र पुरे. अक्षरे वाचायची असतील तर भिंतीसमोर सरळ उभे राहून साध्या भिंगाने तुकड्या-तुकड्यांनीच चित्रे घ्यायला हवीत.

म्हणून शिक्षकांना माझी सूचना आहे. भिंगाची मागणी आली की विद्यार्थ्यांना आधी तीन घरांत मोजपट्टी घेऊन पाठवावे आणि सूत्राने उत्तर काढायला सांगावे. घेतलेल्या प्रत्येक चित्रात मीटरची पट्टी ठेवावी. मागे तारीख, उभे राहण्याची जागा, भिंतीचे अंतर आणि नाभीय अंतर लिहावे. अशी वही असलेल्या शाळेचे १८ मिलिमीटरचे साधे चित्रही पन्नास वर्षांनी त्या घराची लांबी-रुंदी सांगू शकेल.