प्रकृतीच्या गप्पा : तीन हृदयांचा प्राणी



२०२० साली इस्रायल आणि अमिरातींचा करार झाला, तेव्हापासून दुबई पाहायची मनात होती. शेवटी आम्ही गेलो आणि करामात उतरलो. आमची ठाण्याची जुनी शेजारीण तिथे लेकीकडे असते. करामा म्हणजे अर्धी मुंबईच. रस्त्यावर हिंदी, मल्याळी, मराठी सगळं कानावर पडतं.

एका सकाळी तिच्या नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन मासळी आणायला गेलो. आम्ही सुरमई घेतली. शेजारी बर्फावर ऑक्टोपस होता. अरबीत तो अख्तबूत, हिब्रूत तमनून. त्याला पर नाहीत, खवले नाहीत, म्हणून तो आपल्या ताटात येत नाही. मासळी निवडायच्या याच रीतीवरून दाविद राहबींनी कोकणात आपल्या पूर्वजांना ओळखलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

मासळीवाला दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी तो कापत होता. पोराने विचारलं, "आजी, याचं रक्त कुठेय?" आम्ही ऐटीत म्हणालो, "शिळा असेल रे, वाहून गेलं." मासळीवाला हिंदीत म्हणाला, "नाही आंटी, सकाळचाच आहे. याचं रक्त लाल नसतंच." जन्मभर लोकांचं रक्त काढलेल्या नर्सला ही शिकवणी!

घरी येऊन पोराबरोबर वाचलं. आपलं रक्त लाल, कारण हिमोग्लोबिनमध्ये लोह असतं. ऑक्टोपसच्या रक्तात लोहाऐवजी तांबं असलेलं हिमोसायनिन असतं. त्याला ऑक्सिजन मिळाला की रक्त निळं दिसतं, ऑक्सिजन गेला की जवळजवळ बिनरंगी. म्हणून बर्फावर काही दिसलं नाही.

आणि हृदयं तीन! प्रत्येक कल्ल्यापाशी एक, अशी दोन हृदयं शरीरातून आलेलं रक्त कल्ल्यांतून ढकलतात. तिथे ऑक्सिजन घेऊन ते मधल्या मोठ्या हृदयात येतं, आणि ते हृदय मेंदूला, आठही हातांना पुरवतं. आपल्याकडे एकाच हृदयाची उजवी बाजू फुप्फुसांकडे आणि डावी बाजू सगळ्या शरीराकडे रक्त पाठवते. म्हणजे काम तेच, वाटणी निराळी.

पण पोराला वाटलं तसा हा काही पहिलवान नाही. आपल्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण २० मिलिलिटर ऑक्सिजन मावतो. याच्या रक्तात त्याच्या पाव हिश्श्याइतका, कधी त्याहूनही कमी. शिवाय ते रक्त दाट. म्हणून जास्तीचे पंप लागतात. त्यातही तो जोरात पोहू लागला की मधलं हृदय मंदावतं, कधी थांबतंच. त्यामुळे तो लवकर दमतो, आणि पोहण्यापेक्षा सरपटणंच पसंत करतो. रक्त कमी वाहून नेतं, तेव्हा भार हृदयावर पडतो.

हे मोठ्याने वाचताना आमचं लक्ष शेजारणीकडे गेलं. आल्यापासून बघत होतो, दोन जिने चढली की तिला धाप लागायची. विचारलं की म्हणायची, "अगं, चौऱ्याहत्तर झाली, आता असंच." आम्ही मनगट धरलं. बसल्या बसल्या नाडी १०४. खालची पापणी ओढून पाहिली, आत पांढरीफटक. दुसऱ्याच दिवशी तपासणी करवली. हिमोग्लोबिन ७.८! गुडघ्यांसाठी ती वर्षभर वेदनाशामक गोळ्या घेत होती, त्याने पोटात थोडं थोडं रक्त जात होतं. डॉक्टरांनी गोळ्या बंद करून उपचार सुरू केले. आता फोनवर आवाज चांगला खणखणीत येतो.

मनाला एक लागलं. आठ दिवस आम्ही एका घरात होतो, आणि नाडी धरायचं सुचलं ते ऑक्टोपसमुळे. "वय झालं" हे तिचं म्हणणं आम्हीही मान्य केलं होतं.

वाचकहो, आपल्यातले बरेच जण आता सत्तरीपुढचे. धाप, थकवा, छातीत धडधड हे सगळं वयाच्या नावावर खपवू नका. रक्ताची साधी तपासणी करून घ्या. शौच काळी होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गुडघ्याच्या गोळ्या नेहमी घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, पण मनानेच लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. रक्त कुठे जातंय ते आधी शोधावं लागतं.

ऑक्टोपसला तीन हृदयं आहेत. आपल्याला एकच दिलंय, त्याला जपा.

पुढच्या अंकात भेटू. शालोम.