साडेसहा मिलचा बिबट्या

तर झालं असं, की २०२५ च्या दिवाळीत अस्मादिक वढू बुद्रुकला मामाकडे होते. भीमेकाठ म्हणजे ऊसच ऊस. शिरूर तालुक्यातच पिंपरखेड परिसरात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत तीन माणसं गेली, दोन तर लहान मुलं. शेवटी वनखात्याने नेमलेल्या नेमबाजांनी तिथला एक बिबट्या मारला. दिवाळीतच वातावरण तंग होतं, दिवस मावळला की दारं बंद.

माझ्याकडे एक बोटीवर वापरतात तसली दुर्बीण आहे, आत आडव्या-उभ्या रेघांची मापपट्टी असलेली. रायफलच्या स्कोपमध्ये असते तीच भानगड. (शिकारीला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा भुवया उंचावू नका.) गणित सातवीतलं: एक मिल म्हणजे रेडियनचा हजारावा भाग. प्राण्याची उंची मिलिमीटरमध्ये घ्या, तो जितके मिल भरतो त्याने भागा, अंतर मीटरमध्ये हजर!

संध्याकाळी फडाच्या कडेला खरंच बिबट्या दिसला. पायापासून खांद्यापर्यंत साडेसहा मिल. पूर्ण वाढलेल्या बिबट्याचा खांदा साधारण ६५ सेंटीमीटर धरला. ६५० भागिले ६.५. मी ऐटीत म्हणालो, "मामा, बरोबर शंभर मीटर. घाबरू नका." मामेभावाने लगेच गावच्या ग्रुपवर टाकलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन मोजलं. ओट्यापासून त्या दगडापर्यंत ६८ मीटर.

दुर्बीण चुकली नव्हती. उलटं गणित केलं तर खांदा ४४ सेंटीमीटर येतो, म्हणजे जनावर अर्धवट वाढीचं होतं. मामा शांतपणे म्हणाले, "अरे, म्हणजे पिल्लू. मग आई कुठं होती?"

घाम फुटला राव.

आमच्या धंद्यात हे रोज होतं. सूत्र तपासतो, कोड तपासतो, आणि मुळात गृहीत धरलेला आकडा कुणी बघतच नाही. इथे उंचीत जितके टक्के चूक, अंतरात तितकेच टक्के. आणि चूक नेमकी वाईट बाजूला: लहान जनावर मोठं समजलात, की ते आहे त्याहून लांब वाटतं. झूमवाल्या स्कोपमध्ये आणखी एक गोम. बऱ्याच स्कोपमध्ये रेघा एकाच ठरावीक झूमला खऱ्या असतात. झूम बदलला, आकडा गेला.

माझं मत विचाराल तर गावात बिबट्यासाठी असली यंत्रं वाटण्याआधी टेप वाटावा. जनावराची उंची आपल्याला ठाऊक नसते, डीपीचा खांब, मोटारीचं खोपटं, बांधावरची बाभळ यांचं अंतर मात्र दिवसाउजेडी मोजून ठेवता येतं. मग "बाभळीच्या अलीकडे" एवढं म्हटलं तरी घरातल्या पोराला कळतं, ऊसतोडीला आलेल्या बाईलाही कळतं. शंभर मीटर म्हणजे किती, हे अंधारात कुणाला समजतं? आकडा ऐकला की माणूस निवांत होतो, हीच भीती. ("साधारण सत्तर ते शंभर" म्हणायला माझी जीभ झडली नसती खरं तर.)

असो. पाडव्याच्या दिवशी मामा-मामी, मामेभाऊ आणि मी टेप घेऊन फिरलो आणि चुन्याने आकडे टाकले. खांब ३५, खोपटं ५२. दगडावरचा ६८ मामींनी मुद्दाम सगळ्यात मोठा काढलाय.